ऐंशी अक्षरांत ओळख

मुक्त संगणक प्रणालीतल्या प्रत्येक पॅकेजला, म्हणजे बसवण्यासाठी बांधून ठेवलेल्या प्रत्येक प्रोग्रामला, एक वर्णन असते. त्याचे दोन भाग : वरची एक ओळ, आणि त्या ओळीत जे सांगायचे राहिले ते सांगणारे खालचे परिच्छेद. पॅकेज चालवताना संगणक यातला एकही शब्द विचारात घेत नाही. वर्णन हवे असते ते माणसाला, आणि लिहायचेही माणसालाच. या विषयातल्या सगळ्या अडचणींचे मूळ एवढेच आहे. बाकीचा भाग तांत्रिक असल्यामुळे सोपा आहे.

पसारा लक्षात यावा म्हणून थोडे आकडे. इयन मरडॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन या मुक्त प्रणालीची घोषणा केली, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या तिच्या १२व्या आवृत्तीत ६४,०००हून अधिक पॅकेजे होती. कला आपल्याकडे चौसष्टच, इथे प्रत्येक कलेला हजार पॅकेजे. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीचा पोर्ट्स, म्हणजे पॅकेजे बांधण्याच्या कृतींचा, संग्रह १९९४ साली सुरू झाला, तोही ३०,०००च्या पुढे गेला. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने डेबियनच्या पायावर 'बॉस' म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स ही प्रणाली उभी केली, ती २००७ साली बाहेर पडली. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात, पण बॉसचे बिऱ्हाड चेन्नईत. तिच्या आवृत्त्यांना 'तरंग', 'अनंत', 'तेजस' अशी भारदस्त नावे मिळाली. नाव ठेवायला जगात कुठेही माणसांची वाण पडत नाही. वर्णन लिहायची वेळ आली की मात्र जो तो एकदम कामात असतो.

डेबियनमध्ये हा मजकूर 'कंट्रोल' नावाच्या फाइलीत राहतो. तिच्यात एकाखाली एक रकाने भरायचे : पॅकेजचे नाव, विभाग, सांभाळणाऱ्याचे नाव, हे पॅकेज आणखी कोणाकोणावर अवलंबून आहे त्यांची यादी, आणि 'डिस्क्रिप्शन'. इतर रकाने भरायला माहिती लागते, शेवटच्याला मत लागते. अवलंबनाच्या यादीत एक नाव चुकले तर पॅकेज बसत नाही, तासाभरात बोंब होते आणि रात्रीतून दुरुस्ती होते. वर्णन चुकले तर काहीही होत नाही. ते दहा वर्षे सुखाने नांदते, आणि दहा वर्षांनी चूक दाखवणाऱ्यालाच विचारले जाते, "तुम्हाला आजच कसं दिसलं?"

वरच्या ओळीला डेबियनमध्ये ८० अक्षरांच्या आत राहावे लागते, फ्रीबीएसडीत ७० आणि तिच्याच कुळातल्या ओपनबीएसडीत ६०. शिस्त जितकी कडक तितके बोलणे कमी, हा घरोघरीचा अनुभव इथेही लागू पडतो. ओळ पूर्ण वाक्य नसावी. शेवटी पूर्णविराम नसावा. सुरुवातीला इंग्रजी उपपद नसावे. पॅकेजचे नाव पुन्हा नसावे, कारण ते शेजारीच लिहिलेले असते. डेबियनने कसोटीही सांगितली आहे : 'अमुक पॅकेज हे एक अमुक आहे' या वाक्यात दुसऱ्या 'अमुक'च्या जागी ओळ चपखल बसली पाहिजे. नियम इतके स्वच्छ असताना चूक व्हायला वाव नाही, असे नियम करणाऱ्यांना वाटले असावे. नियम करणाऱ्यांना असे नेहमीच वाटते.

प्रत्यक्षात काय होते ते पाहण्यासाठी चेन्नईत नोकरीला आलेला एखादा सांगलीकर घ्यावा. दिवसा तो ओएमआर रस्त्यावरच्या एका कंपनीत काम करतो, रात्री वेलाचेरीच्या खोलीत पंखा पाचावर ठेवून पॅकेजे बांधतो. शेकडो फाइलींची नावे एका फटक्यात बदलणारा एक प्रोग्राम त्याला आवडला, त्याने तो संध्याकाळी बांधून टाकला. राहिली ती वरची ओळ. प्रोग्राम काय करतो हे त्याला नीट माहीत होते, म्हणून त्याने पहिल्यांदा ते लिहिलेच नाही. प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहिला आहे ते लिहिले. ते खोडून तो किती वेगवान आहे ते लिहिले. तेही खोडून मूळ लेखकालाच पत्र पाठवले.

"तुमचा प्रोग्राम नेमका काय करतो, हे एका ओळीत सांगाल का?"

"सोर्स वाच."

"वाचला. पण एका ओळीत?"

"एका ओळीत सांगता आलं असतं तर मी बारा हजार ओळी कशाला लिहिल्या असत्या?"

हे उत्तर वरवर उद्धट वाटले तरी त्यात तथ्य आहे. ज्याने वस्तू केली त्याला ती इतकी आतून माहीत असते की बाहेरून ती कशी दिसते हे त्याने कधी पाहिलेलेच नसते. रात्री साडेनऊला सांगलीहून फोन येतो.

"जेवलास का? काय चाललंय?"

"वर्णन लिहितोय, आई. एका प्रोग्रामचं."

"तुझा प्रोग्राम?"

"नाही, एका जर्मन माणसाचा."

"मग त्याला काय हात नाहीत?"

या प्रश्नाला मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीकडे आजवर समाधानकारक उत्तर नाही.

अशा रात्रींतून ज्या ओळी जन्माला येतात त्यांच्या काही ठरीव जाती आहेत. पहिली वंशावळीची. 'अमक्याचा फाटा, जो तमक्याचे पुनर्लेखन आहे, जे ढमक्यावर आधारित होते.' वाचणाऱ्याला घराणे कळते, पोरगा काय करतो ते कळत नाही. कोकणात वाटेवर भेटलेल्या पोराला 'कोणाचो रे तू?' एवढेच विचारून समाधान होते, त्याच परंपरेतली ही ओळ. दुसरी जात प्रदक्षिणेची : पॅकेजचे नाव 'लिब-अबक' आणि वर्णन 'अबकसाठीची लायब्ररी'. अबक म्हणजे काय हे पाहायला अबककडे गेले तर तिथे लिहिलेले असते, 'लिब-अबक वापरणारा प्रोग्राम'. वाचक दोन्ही घरांची उंबरठा-भेट घेऊन जसा गेला तसा परत येतो. तिसरी जात सर्वसमावेशक : 'विविध कामांसाठी उपयुक्त साधन'. ही ओळ खोटी ठरवता येत नाही. पावशी, टेलिफोन आणि भाऊजी यांनाही ती लागू पडते.

पण सर्वांत मोठी जात विशेषणांची. वधूवर सूचक मंडळाच्या नोंदवहीत ज्याप्रमाणे एकही मुलगी गृहकृत्यदक्ष नसलेली सापडत नाही आणि एकही मुलगा व्यसनी नसतो, त्याप्रमाणे पॅकेजांच्या जगात एकही प्रोग्राम जड, संथ किंवा वापरायला अवघड नाही. सगळे 'हलके', 'वेगवान', 'सुटसुटीत' आणि 'शक्तिशाली'. शक्तिशाली आणि हलका हे दोन गुण एकाच ओळीत नांदतात. 'आधुनिक' हे विशेषण लिहिणाऱ्याच्या वयाप्रमाणे बदलत नाही, हा त्याचा खास गुण : वीस वर्षांपूर्वी आधुनिक म्हणून लिहिलेला प्रोग्राम आजही कागदोपत्री आधुनिकच असतो. जाहिरातबाजी टाळा म्हणून जाणती मंडळी बजावतात. ते ऐकून लोक 'अतिशय' तेवढे काढतात.

चांगल्या ओळी नसतातच असे नाही. 'एसएल' नावाचा एक जुना प्रोग्राम आहे. फाइलींची यादी मागवण्यासाठी 'एलएस' लिहायचे असते. घाईत बोटे उलटसुलट पडून 'एसएल' लिहिले गेले तर हा प्रोग्राम पडद्यावरून एक वाफेचे इंजिन धडधडत नेतो आणि ते पूर्ण जाईपर्यंत माणसाला गप्प बसवतो. त्याचे डेबियनमधले वर्णन एवढेच सांगते की चुकून 'एसएल' टाइप केलेत तर हा तुम्हाला सुधारील. इंजिनाचा वरच्या ओळीत उल्लेखही नाही. दुसरे उदाहरण 'हॅलो' या पॅकेजचे. हा प्रोग्राम पडद्यावर एक नमस्कार छापतो आणि संपतो. त्याच्या लांब वर्णनात गंभीरपणे म्हटले आहे की ज्यांना प्रोग्रामिंग येत नाही त्यांना संगणकशास्त्रातले हे अभिजात साधन एरवी मिळाले नसते, ते यामुळे वापरता येते. ज्याने हे लिहिले त्याला प्रोग्राम काय करतो हे नक्की माहीत होते, आणि तो फार काही करत नाही हेही.

लांब वर्णनाचे व्याकरण वेगळे आहे. प्रत्येक ओळ एक जागा सोडून सुरू करायची. नवा परिच्छेद हवा असेल तर मधली ओळ रिकामी ठेवायची नाही, कारण या फाइलीत रिकामी ओळ म्हणजे एका पॅकेजची नोंद संपली आणि पुढच्याची सुरू झाली. म्हणून रिकाम्या ओळीत एक जागा सोडून एक टिंब द्यायचे. टिंब विसरले की उरलेला परिच्छेद नव्या पॅकेजची नोंद म्हणून वाचला जातो, त्या नोंदीला नाव नाही, आवृत्ती नाही, वारस नाही, आणि यंत्रणा जी चूक दाखवते ती नेमकी वर्णन सोडून दुसऱ्याच गोष्टीबद्दल असते. यादी द्यायची तर दोन जागा सोडाव्या लागतात, तरच ओळी जशाच्या तशा राहतात. एकच जागा सोडली की सगळ्या ओळी एकमेकींत मिसळतात. आपल्या सांगलीकराने त्या प्रोग्रामचे पाच गुण एकाखाली एक नटवून लिहिले होते. पडद्यावर ते सलग आले : 'वेगवान उलट करता येते तीन प्रकारचे नमुने मोठ्या लिपीतून छोट्या धोका नाही.' शेवटच्या दोन शब्दांमुळे काही लोकांनी ते बसवले नाही म्हणतात.

परिच्छेदात काय लिहावे याबद्दलही मार्गदर्शन आहे. फ्रीबीएसडीची पुस्तिका सांगते की हे म्हणजे वापराचे पुस्तक नव्हे, आणि मूळ प्रोग्रामसोबत आलेल्या 'रीड-मी'मधून मजकूर उचलताना जपून. हा इशारा वाचल्यावर बहुतेकांना पहिल्यांदा कळते की तिथून उचलता येते. मग वर्णनात 'बसवण्याची पद्धत खाली दिली आहे' असे वाक्य येते आणि खाली काहीच नसते. 'वरील चित्रात दाखवल्याप्रमाणे' येते. लेखकाने आपल्या बायकोचे सहनशीलतेबद्दल मानलेले आभार येतात. क्वचित 'या प्रकल्पाची देखभाल आता बंद झाली आहे' हेही येते, आणि ते मात्र वर्णनातले सर्वांत उपयोगी वाक्य असते.

फ्रीबीएसडीत हा मजकूर कुठे ठेवायचा याचाही इतिहास आहे. सुरुवातीला प्रत्येक पोर्टच्या आत एक उपफोल्डर होते आणि त्यात एका ओळीच्या वर्णनासाठी स्वतंत्र फाइल. एक ओळ, एक फाइल, हजारो पोर्ट, हजारो फाइली. २००० साली उपफोल्डर गेले आणि फाइलींची नावे बदलली. २००३च्या सुमारास ती एक ओळ उचलून मुख्य मेकफाइलीत, म्हणजे पोर्ट बांधण्याच्या सूचनांच्या फाइलीत, ठेवली. लांब वर्णनाच्या शेवटी प्रोग्रामच्या संकेतस्थळाचा पत्ता लिहायची रीत होती. २०२२ साली तो पत्ताही मेकफाइलीत हलवण्यात आला. प्रत्येक वेळी सगळ्या संग्रहाची झाडाझडती झाली. या सर्व काळात मजकुराने तीनदा घर बदलले, पण त्यातली वाक्ये बहुतेक तीच राहिली.

वर्णन झाल्यावर पॅकेज कोणत्या खणात ठेवायचे ते ठरवावे लागते. डेबियनमध्ये त्याला विभाग म्हणतात, फ्रीबीएसडीत वर्ग. फ्रीबीएसडीत खगोलशास्त्राला खण आहे, जीवशास्त्राला आहे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दाखवणाऱ्या घड्याळांसाठी 'एक्स-११ क्लॉक्स' हा स्वतंत्र खण आहे. घड्याळाबद्दल कोणाला एवढी कळकळ होती हे पाहण्यासारखे आहे. आणि शेवटी 'मिस्क', म्हणजे किरकोळ. या खणाबद्दल खुद्द पुस्तिकाच म्हणते की शक्यतो दुसरा चांगला वर्ग शोधा, कारण इथे ठेवलेल्या पोर्टकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या नाममात्र नवऱ्याची ओळख करून देताना बायकोने वापरावा इतका मोकळेपणा अधिकृत दस्तऐवजात क्वचितच आढळतो. मिस्कमध्ये ठेवणारे मात्र ठेवतच राहतात. त्यांना लक्ष नकोच असते, रात्री झोपायचे असते.

एका वस्तूला एकच खण या पद्धतीतली मूळ अडचण चेन्नईला फार आधी कळली होती. ती ओळखणारे ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली शियाळीचा, म्हणजे तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातला. तंजावरात १८५५पर्यंत मराठ्यांची गादी होती. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांनी पोथ्या जमवल्या आणि त्यांच्या याद्या राजांच्या पश्चात पुढच्या शतकातही चालूच राहिल्या : ए. सी. बर्नेल यांची सूची १८८० साली छापली गेली, तर एकट्या संस्कृत पोथ्यांची वर्णनात्मक सूची १९२८ पासून पुढे १९ खंडांत निघाली. तंजावरच्या वर्णनकारांना ८० अक्षरांची मर्यादा नव्हती, हे उघड आहे.

रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच कंटाळून जुनी नोकरी परत मागायला गेले. ग्रंथालयात माणसे येत नव्हती आणि पुस्तके बोलत नव्हती. 'आधी इंग्लंडला जाऊन ये, मग बघू' अशी त्यांची समजूत घालण्यात आली. लंडनमध्ये एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला : त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट, आणि जोडाल तशी वस्तू. विषयाचेही असे सुटे भाग करून जोडता येतील, हे त्यांना तिथे सुचले. मग एका पुस्तकाला एकाच खणात कोंबायला नको. ते कशाबद्दल, कोणत्या क्रियेबद्दल, कुठले, कधीचे असे पैलू घ्यायचे आणि मध्ये चिन्ह देऊन जोडायचे. चिन्ह होते अपूर्णविराम, म्हणजे कोलन. 'कोलन क्लासिफिकेशन' १९३३ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. वेळेची किंमत कळणारे रंगनाथन स्वतः लग्नाच्या दिवशीही ग्रंथालयात कामाला आले, असे सांगतात. वधूपक्षाने याची नोंद कोणत्या पैलूखाली केली ते उपलब्ध नाही.

सत्तर वर्षांनी डेबियनवाल्यांनी तीच कल्पना उचलली, आणि रंगनाथनांचे नाव घेऊन उचलली. या पद्धतीला 'डेबटॅग्ज' म्हणतात. पॅकेजला विभाग एकच, पण शिक्के कितीही : 'रोल::प्रोग्राम', 'यूज::एडिटिंग', 'इंटरफेस::टेक्स्ट-मोड'. रंगनाथनांनी एक कोलन वापरला होता, डेबियनने दोन वापरले. पद्धत उत्तम होती, म्हणून तिचे जे व्हायचे ते झाले. शिक्के मारायला स्वयंसेवक हवे होते. ते आले, उत्साहाने काही हजार पॅकेजांवर मारून गेले. राहिलेल्या पॅकेजांचे काय करायचे? त्यांच्यासाठी खास शिक्का निघाला : 'स्पेशल::नॉट-येट-टॅग्ड', म्हणजे अजून शिक्का मारलेला नाही. यंत्राने तो आपोआप मारायला सुरुवात केली. पुढे या बिनशिक्क्यांच्या ढिगाचा आकार पाहून त्यांचीही पॅकेजच्या आद्याक्षराप्रमाणे विभागणी करण्यात आली. शिक्का नसल्याच्या शिक्क्याचे पोटशिक्के एवढ्या टापटिपीने लावलेले पाहून चेपॉकच्या विद्यापीठ ग्रंथालयातल्या जुन्या तक्त्यांनाही समाधान वाटले असते.

वर्णनांवर पहारा ठेवायला यंत्रे आहेत. डेबियनचे 'लिंटियन' १९९८ पासून हे काम करते, फ्रीबीएसडीत 'पोर्टलिंट' आहे. ओळ उपपदाने सुरू झाली, लांबली, तिच्यात पॅकेजचेच नाव आले, शब्दलेखन चुकले, की लिंटियन सांगते. त्याच्या तक्रारींच्या पायऱ्या आहेत : चूक, इशारा, माहिती, आणि सर्वांत खाली 'पेडँटिक', म्हणजे निव्वळ पंतोजीपणा. ही शेवटची पायरी मुद्दाम मागितल्याशिवाय दिसत नाही. जगातल्या इतर पंतोजींमध्ये हा विनय आढळत नाही. तक्रार मान्य नसेल तर 'ओव्हरराइड' नावाची फाइल लिहून कारण देता येते. या सोयीमुळे एक चमत्कार घडतो. ज्या माणसाला वर्णनाच्या तीन ओळी सुचत नव्हत्या तो ओव्हरराइडमध्ये आपली बाजू अकरा ओळींत, उदाहरणांसह आणि शुद्ध इंग्रजीत मांडतो.

यंत्राच्या पुढे माणूस असतो, आणि तो यंत्राइतका थोडक्यात आटोपत नाही. आपल्या सांगलीकराच्या प्रोग्राममध्ये एक भलताच धोक्याचा भाग होता : मधेच वीज गेली तर अर्ध्या फाइलींना नवे नाव, अर्ध्यांना जुने. तपासणाऱ्या ज्येष्ठ मंडळींनी तो भाग पाहिला आणि 'ठीक दिसतंय' म्हणून पुढे गेली. मग वर्णन उघडले. कॉफी मागवली गेली, डबरा-टंबलर खळखळले.

"तंबी, हे 'साधन' का लिहिलंस? 'उपयोजन' लिही."

"सर, आधी 'उपयोजन'च होतं. मागच्या वेळी तुम्हीच बदलायला सांगितलं."

"तेव्हा मी घाईत होतो. आणि 'फाइलींची नावे बदलणारे' की 'फाइलींना नवी नावे देणारे'?"

दुसरे सर म्हणाले, "अनेकवचन तरी का? एका फाइलीचं नाव बदलता येत नाही का?"

तिसरे सर म्हणाले, "स्वल्पविराम पाहिजे."

"कुठे, सर?"

"कुठेतरी."

सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात एका समितीची गोष्ट सांगितली आहे : अणुभट्टीचा खर्च ती काही मिनिटांत मंजूर करते आणि कारकुनांच्या सायकल-शेडवर पाऊण तास भांडते, कारण अणुभट्टी कोणालाच कळत नाही आणि शेड सगळ्यांना कळते. १९९९ साली फ्रीबीएसडीच्या एका जुन्या कार्यकर्त्याने, पॉल-हेनिंग काम्प यांनी, हीच गोष्ट आपल्या सहकाऱ्यांना पत्राने ऐकवली, तेव्हापासून संगणकवाल्यांच्या बोलण्यात सायकल-शेड रूढ झाली. चेन्नईकरांना हे समजायला पुस्तकाची गरज नाही. कल्पाक्कमची अणुभट्टी गावापासून सत्तरएक किलोमीटरवर आहे. सायकल-शेड प्रत्येक कचेरीत आहे. वीज जाण्याच्या धोक्याचा भाग अखेर तसाच राहिला. वर्णनात मात्र शेवटी एक स्वल्पविराम आला, आणि मूळ नियमांचा हवाला देऊन लगेच काढलाही गेला.

एवढे झाल्यावर वर्णन तयार होते, पण इंग्रजीत. ते मराठीत, तमिळमध्ये किंवा आणखी कुठल्या भाषेत आणण्यासाठी डेबियनमध्ये वर्णनांच्या भाषांतराचा वेगळा प्रकल्प आहे. इथे अक्षरांचा हिशोब नव्याने सुरू होतो. 'नमस्कार' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, युनिकोडच्या मोजणीत तो ७ चिन्हांचा होतो आणि साठवणीत २१ बाइटचा. ८० कशाची मोजायची यावर वाद घालायला जागा आहे, म्हणून तो घातला जातो. खरी गंमत पुढे आहे. मूळ वर्णन आणि भाषांतर यांची जोडी जुळवण्यासाठी मूळ मजकुराची एमडी-५ ही खूण काढलेली असते, ३२ अंकाक्षरांची. मजकुरातले एक टिंब जरी हलले तरी खूण पूर्ण बदलते. म्हणजे असे होते : छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या मास्तरीणबाईंनी सुट्टीत बसून एका पॅकेजचे चार परिच्छेद निगुतीने मराठीत आणले. इकडे कोणीतरी इंग्रजीतला राहून गेलेला स्वल्पविराम घातला. खूण बदलली, मूळ वर्णन नवे झाले, आणि बाईंचे भाषांतर जुन्या खुणेशी एकनिष्ठ राहून पडद्यावरून दिसेनासे झाले. ते पुन्हा तपासून जोडावे लागते. तिसऱ्या सरांचा स्वल्पविराम किती महाग पडतो हे चेन्नईत बसून कळत नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळे चालते त्या वापरणाऱ्याबद्दल. त्याला पीडीएफ फाइल उघडायची असते. तो 'पीडीएफ' हा शब्द टाकून शोध घेतो आणि पडद्यावरून शेकडो ओळी वर पळतात. सगळ्या हलक्या, वेगवान आणि सुटसुटीत. पहिल्या पडद्यापुढे कोणी जात नाही. तो शेजारच्या टेबलावर विचारतो.

"पीडीएफला काय वापरतोस?"

"हे."

"चांगलं आहे?"

"चालतंय."

तो ते बसवतो. 'चालतंय' हे वर्णन चार अक्षरांत मावते, पूर्णविराम मागत नाही, पॅकेजचे नाव पुन्हा सांगत नाही, आणि 'अमुक हे चालतंय' या वाक्यात चपखल बसते. लिंटियनला त्यात काही खुपण्यासारखे सापडणार नाही.

तरीही एखाद्या पॅकेजचे वर्णन चुकलेले दिसले, तर 'रिपोर्टबग' या प्रोग्रामने डेबियनकडे तक्रार नोंदवता येते. तक्रारीची गंभीरता विचारली जाईल, तिथे 'मायनर' निवडावे. 'क्रिटिकल' निवडणारे पुष्कळ असतात, त्यांच्या तक्रारी ठरल्याप्रमाणे मायनर करून ठेवल्या जातात. नवे वाक्य स्वतःच सुचवावे, नाहीतर 'मग तुम्हीच लिहा' असे उत्तर येते. आणि मराठीत भाषांतर झालेली वर्णने अजून फार थोडी आहेत, तेव्हा ज्यांचे मराठी बरे आहे त्यांनी या कामाला जरूर यावे. संगणकशास्त्र यावे लागत नाही, चेन्नईलाही जावे लागत नाही. एकाने केलेले भाषांतर दुसऱ्याने तपासून मान्य करावे लागते, म्हणून येताना एखाद्या शेजाऱ्यालाही आणावे. मानधन दोघांनाही मिळत नाही.